युद्धाला विरोध करायचा आहे, पण गावातल्या फौजी घरांचा मान राखून. कार्यक्रम कसा आखावा?

वसनाकाठ (ता. कोरेगाव)

नमस्कार मंडळी. आमच्या गावात एक आळी अशी नाही जिथं मिलिटरीतलं घर नाही. मे 2025 मध्ये 7 ते 10 तारखेला सीमेवर पाकिस्तानबरोबर जे झालं, तेव्हापासून वाचनालयात एक विषय सारखा निघतो. युद्धाचा निर्णय इतक्या सहज मागावा का? टीव्हीवर, मोबाईलवर युद्ध मागणारे बहुतेक असे, की ज्यांच्या घरातून कुणीच जाणार नसतं.

वाचनालयातर्फे जाहीर चर्चा ठेवावी आणि शेवटी सह्यांचं निवेदन जिल्हाधिकाऱ्यांमार्फत दिल्लीला पाठवावं असा विचार आहे. मागणी अशी: वाटाघाटीचे मार्ग आधी संपवा, संसदेत चर्चा करा, युद्ध हा शेवटचा उपाय ठेवा. पण कुणकुण लागताच गावात बोललं गेलं, "पोरं तिकडं गोळ्या झेलत्यात आणि ही इकडं शांतीचं बोलत्यात." असं बोलणाऱ्यांचा राग येत नाही. त्यांची पोरं खरंच तिकडं आहेत.

पत्रकाची भाषा कशी असावी? सुट्टीवर आलेल्या जवानांना बोलवावं का? परवानगी लागेल का? की निवेदन सोडून सरळ ग्रामसभेत ठरावच मांडावा?

---

कराडचा वकील

पत्रकाचं प्रत्येक वाक्य वाचताना एवढं बघा, की ते कुणाला उद्देशून आहे. मागणी सरकारकडे असेल तर राहू द्या. जवानाकडे असेल तर काढून टाका. "जवानांनो, शस्त्रं खाली ठेवा" अशा थाटाचं काहीही नको, फलकावर नको आणि भाषणाच्या ओघातही नको. भारतीय न्याय संहितेचं कलम 159 सैनिकाला कर्तव्यापासून फितवण्याबद्दल आहे. कलम 353 मध्ये सैनिकानं कर्तव्यात कसूर करावी या हेतूनं केलेली विधानं येतात. कायदा बाजूला ठेवला तरी ते वाक्य अन्यायाचंच आहे. हुकूम मोडला तर कोर्ट मार्शल त्याचं होणार, आपलं काही बिघडत नाही. आणि युद्धाचा निर्णय त्यानं घेतलेलाही नसतो. घटनेनं सेनादलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिलंय, प्रत्यक्षात निर्णय मंत्रिमंडळ घेतं. प्रश्न त्यांना विचारायचा.

सरकारच्या निर्णयावर टीका म्हणजे देशद्रोह नव्हे. 1962 च्या केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं: हिंसेला चिथावणी नसेल तर कडक शब्दांतली टीकाही गुन्हा होत नाही. आता जुन्या दंड संहितेतल्या राजद्रोहाच्या कलम 124अ ऐवजी न्याय संहितेचं कलम 152 आहे आणि त्याच्या स्पष्टीकरणातही कायदेशीर मार्गानं धोरण बदलून घेण्यासाठी केलेल्या टीकेचा उल्लेख आहे. म्हणून निवेदनात "कायदेशीर व शांततेच्या मार्गाने" हे शब्द घालाच.

सुट्टीवरच्या जवानाला बोलवू नका. वक्ता म्हणून नको, सहीला नको, गर्दीतसुद्धा नको. सुट्टीवर साध्या कपड्यात असला तरी तो लष्करी कायद्याखालीच असतो. आर्मी रूल्स 1954 च्या नियम 20 नुसार त्याला राजकीय सभेला हजर राहता येत नाही आणि नियम 21 नुसार परवानगीशिवाय सेवेच्या किंवा राजकीय विषयांवर वृत्तपत्रांत लिहिता-बोलता येत नाही. चूक बहुतेक वेळा फोटोत होते. तो नुसता मित्राला भेटायला येतो, कुणीतरी बॅनरखाली ग्रुप फोटो काढतं, रात्री तो व्हॉट्सॲपवर फिरतो आणि जाब त्याला युनिटमध्ये द्यावा लागतो. निवृत्त सैनिकांना ही अडचण नाही, त्यांना जरूर बोलवा.

परवानगीचं म्हणाल तर आधी पोलीस ठाण्यात चौकशी करा, की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदी लागू आहे का. असा आदेश एका वेळी पंधरा दिवसांचा असतो, पण तणावाच्या काळात एक संपला की दुसरा निघतो. त्यात पाच किंवा जास्त लोकांच्या जमावावर बंदी येते. कार्यक्रम वाचनालयाच्या आत असला तरी लेखी कळवा. अर्ज दोन प्रतींत, विषय, वेळ, वक्त्यांची नावं, अंदाजे उपस्थिती लिहून. एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ठेवा. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी, आणि रात्री दहाच्या आत बंद.

ग्रामसभेत ठराव मांडू नका, असं ठाम मत आहे. कायदेशीर परिणाम शून्य आणि नुकसान मोठं. ज्या माउलीचा मुलगा पोस्टवर आहे, तिला सगळ्या गावासमोर हात वर करायला किंवा खाली ठेवायला आपण भाग पाडतो. सह्यांच्या निवेदनात ही सक्ती नसते. ज्याला पटतं तो सही करतो, बाकीच्यांचं नावही निघत नाही.

---

खटाव, माजी सैनिक

वकीलसाहेबांचं सगळं बरोबर. पण पत्रक छापायच्या आधी एक काम करा आणि ते कार्यक्रमाशी अजिबात जोडू नका: गावातल्या फौजी घरांची कागदं बघून घ्या. कार्यक्रम झाला नाही तरी हे काम करण्यासारखं आहे.

सगळ्यात जास्त घोळ नावात असतो. आपल्याकडं लग्नानंतर मुलीचं पहिलं नावही बदलतात. आधारवर माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. जवानानं लग्नाची नोंद पार्ट टू ऑर्डरनं (अशा घरगुती नोंदींसाठी युनिट काढतं तो आदेश) रेकॉर्ड ऑफिसला करून घेतली नसेल, किंवा केली पण नाव वेगळं लागलं असेल, तर चालत्या नोकरीत काही जाणवत नाही. तो गेल्यावर मात्र तिला आपण त्याची बायको आहोत हे सिद्ध करत बसावं लागतं. मुलांच्या जन्माचंही तसंच, प्रत्येक मुलाची वेगळी नोंद लागते. म्हणून जवान सुट्टीवर आला की दोघांनी बसून पत्नीचं नाव, जन्मतारीख, मुलांची नावं आणि बँक खातं हे सर्व्हिस रेकॉर्ड, आधार आणि पासबुक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावं. फरक असेल तर दुरुस्ती आधी आधारची करायची की रेकॉर्डची, हे युनिटच्या क्लार्कला विचारून ठरवा. दोन्हीकडं एकदम अर्ज टाकले की तिसरंच नाव तयार होतं.

निवृत्तांच्या घरात पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, पत्नीचं नाव आहे का बघा. पेन्शन 'स्पर्श' या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन व्यवस्थेवर गेली असेल तर दरवर्षी हयातीचा दाखला वेळेत द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबते. म्हाताऱ्यांचे अंगठ्याचे ठसे मशिनवर उठत नाहीत. तिथं अडून न बसता दुसऱ्या पर्यायानं दाखला करून घ्यावा. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डावर घरातल्या अवलंबितांची नावं चढली नसतील तर तीही चढवा.

आणि हे गावात फार थोड्यांना ठाऊक असतं: जवान गेल्यावर कुटुंबाला मिळणारं निवृत्तिवेतन मृत्यूच्या परिस्थितीवर ठरतं. साधं कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या 30 टक्के (सुरुवातीची काही वर्षं 50), सेवेमुळं मृत्यू झाला असं मानलं गेलं तर 60 टक्के, आणि युद्धात किंवा तशा कारवाईत गेला तर शेवटच्या पगाराइतकं. चौकात कितीही मोठं बॅनर लागलं, नावामागं शहीद लागलं, तरी त्यानं हा दर्जा ठरत नाही. तो युनिटच्या अहवालावर आणि चौकशीवर ठरतो. दर्जा चुकीचा लागला असं वाटलं तर अपील करता येतं, आणि तिथंही नाही झालं तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडं जाता येतं, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. पहिली पायरी म्हणजे साताऱ्यातलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. कागद न्यायचे ते मूळ आणि झेरॉक्स दोन्ही.

तुम्ही युद्धाची किंमत मोजायला निघालात. ती किंमत या फायलींत असते. जो माणूस ही फाईल पूर्ण करायला चार हेलपाटे घालतो, त्यानं युद्ध नको म्हटलं तर फौजी घर ऐकून घेतं, पटलं नाही तरी. मात्र मदत करताना सहीचा कागद बरोबर नेऊ नका. कागदाच्या कामाचा मोबदला म्हणून सही घेतली, असं एकदा झालं की दोन्ही कामं मोडली.

वीरपत्नीला, वीरमातेला व्यासपीठावर बसवायचा मोह टाळा. युद्धाच्या बाजूचे लोक तेच करतात आणि विरोधातलेही. तिला स्वतःहून बोलायचं असेल तर तिला हवं ते बोलू द्या, ते तुमच्या भूमिकेच्या उलट असलं तरी. तिचं भाषण आधी वाचून दाखवायला सांगू नका.

---

सांगलीवाडी

भाषणासाठी उदाहरणं शोधत असाल तर ती आपल्याच मातीत आहेत.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी अडकल्या आणि 29 एप्रिल 1916 ला उपासमारीनं शरणागती पत्करावी लागली. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात ते त्याच युद्धापासूनच्या परंपरेमुळं, गावात तेव्हाच्या जवानांचं स्मारक आहे. लढाई इंग्रजांच्या साम्राज्यासाठी होती, तरी त्या स्मारकाला आपण आजही हात जोडतो. युद्धाचं कारण आणि माणसाचा मान या दोन गोष्टी आपला मुलूख शंभर वर्षं वेगवेगळ्या ठेवत आलाय.

दुसऱ्या महायुद्धात तर हे अगदी समोरासमोर आलं. 17 ऑक्टोबर 1940 ला पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला, तो इंग्रजांच्या युद्धाला माणूस किंवा पैसा देऊ नका हे सांगण्यासाठीच. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजची सांगलीही धरून, पुढं प्रतिसरकार उभं राहिलं, आणि त्याच काळात याच भागातली पोरं सैन्यात होती.

अलीकडचं उदाहरण हवं तर 2003. अमेरिकेच्या इराक युद्धाचा आपल्या संसदेनं एप्रिलमध्ये ठराव करून निषेध केला आणि जुलैमध्ये सरकारनं तिथं भारतीय फौज पाठवायला नकार दिला. युद्धाला विरोध हे देशाचं अधिकृत धोरण होतं. निवेदनात एवढं एक वाक्य घाला.

आणि काय करू नये याचं उदाहरण शांतिसेनेचं. 1987 ते 1990 या काळात श्रीलंकेत पाठवलेल्या या फौजेतले सुमारे 1,200 भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. पाठवण्याचा निर्णय चुकला असं मानणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण मार्च 1990 मध्ये फौज मद्रासला परतली तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. निर्णयाचा राग, तोही रास्त असेल, परत आलेल्या माणसांवर निघाला. त्या लढाईतल्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, तरी ती मोहीम लोकांच्या आठवणीतून जवळजवळ पुसली गेली.

---

मिरजकर

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट राहिली. "युद्ध चूक, पण प्रत्येक जवान बरोबर" असं पत्रकात लिहू नका, ते खरं नाही. आर्मी ॲक्टचं कलम 41 जवानाला कायदेशीर हुकूम पाळायला बांधतं, कुठलाही हुकूम नव्हे. युद्धातल्या वागणुकीबद्दलच्या जिनिव्हा करारांवर भारताची सही आहे आणि ते लागू करणारा 1960 चा कायदाही आहे.

16 मार्च 1968 ला व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकन तुकडी निःशस्त्र लोकांना मारत होती. ह्यू थॉम्प्सन या हेलिकॉप्टर वैमानिकानं आपलं हेलिकॉप्टर गावकरी आणि स्वतःच्याच सैनिकांच्या मध्ये उतरवलं आणि काही जणांना बाहेर काढलं. तो गणवेशातलाच होता. त्याला त्याबद्दल सोल्जर्स मेडल मिळालं ते थेट 1998 मध्ये. सैनिकाचा मान ठेवायचा तर त्याच्या विवेकाचाही ठेवा, आणि गुन्हा झाला तिथं चौकशी मागण्याची मोकळीकही ठेवा.

---

वसनाकाठ (ता. कोरेगाव)

मनापासून आभार. ग्रामसभेचा विचार सोडला. मिरजकर म्हणतात ते वाक्य मसुद्यात होतं, ते काढतो. आता तारीख आणि मंचाची मांडणी एवढंच सांगा. 26 जुलैला ठेवावं असं काहींचं म्हणणं आहे, त्या दिवशी गर्दी होते.

---

खटाव, माजी सैनिक

26 जुलै नको. तो कारगिलच्या जवानांचा दिवस, तो त्यांच्याकडंच राहू द्या. 16 डिसेंबर (1971 च्या युद्धाचा विजय दिवस) आणि 7 डिसेंबरही नको. 7 डिसेंबरला ध्वजदिन निधी असतो, त्याला वाचनालयानं वेगळी मदत करावी.

30 जानेवारी घ्या. गांधीजींचा स्मृतिदिन आणि हुतात्मा दिन एकच आहे. देशभर सकाळी 11 वाजता दोन मिनिटं स्तब्धता पाळतात. सकाळी शाळेबरोबर ती पाळा, चर्चा संध्याकाळी ठेवा. गावातल्या गेलेल्या जवानांची नावं वाचणार असाल तर पूर्ण नाव, पलटण आणि वर्ष घरच्यांकडून तपासून घ्या, आणि वाचण्याआधी त्यांची परवानगीही घ्या. नको म्हणाले तर ते नाव वाचू नका.

तिरंगा टेबलावर पांघरायचा नाही, मंचाला झालर म्हणूनही लावायचा नाही, ध्वजसंहितेत मनाई आहे. लावायचा असेल तर श्रोत्यांकडं तोंड केलेल्या वक्त्याच्या उजव्या हाताला, किंवा मागच्या भिंतीवर वक्त्याच्या वर. कुणी मधेच "भारत माता की जय" म्हणालं तर तुम्हीही म्हणा आणि पुढं बोला. प्रश्नोत्तरांना भाषणांइतकाच वेळ ठेवा, आणि पहिला प्रश्न फौजी घरातल्या माणसाला विचारू द्या.