केगावच्या विद्यापीठ परिसरातील गायन, नाटक आणि व्याख्याने बाहेरच्या श्रोत्याला ऐकता येतात का?

प्रश्न : जुना हिशेबनीस, पूर्व भाग

सर्वांस नमस्कार.

यंत्रमागाच्या कारखान्यात चाळीस वर्षे हिशेब लिहून मी नुकताच निवृत्त झालो आहे. मागांच्या खडखडाटात कानांचे जे व्हायचे ते झाले, तरी सूर चढला की उतरला एवढे अजून कळते. घरात तेलुगू बोलली जाते, माझे शिक्षण मराठीतून झाले आणि गाण्याची गोडी सीमेपलीकडच्या कानडी मुलखातून येणाऱ्या गवयांमुळे लागली, म्हणजे सोलापुरात जे बहुतेकांचे होते तेच माझेही झाले. माझी नात आठवीत आहे. ती गाणे शिकते, गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा तिने दिली आहे आणि यंदा ती प्रवेशिका प्रथमला बसणार आहे.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या केगाव इथल्या परिसरात आणि त्याला संलग्न असलेल्या महाविद्यालयांत गायन, नाटक, चित्रकला, व्याख्याने असे कार्यक्रम वर्षभर होत असतात असे ऐकून आहे. मात्र त्यांची बातमी वर्तमानपत्रात वाचायला मिळते ती कार्यक्रम झाल्यावर, सत्काराच्या छायाचित्रासह. गेल्या वर्षी एका महाविद्यालयातल्या व्याख्यानाची सूचना आदल्या दिवशी हाती लागली म्हणून नातीला घेऊन वेळेवर पोहोचलो, तर सभागृहाला कुलूप. पहारेकरी म्हणाला, "काका, ते सकाळीच उरकलं. पाहुण्यांना गाडी गाठायची होती." नात परत येताना काही बोलली नाही, मलाच वाईट वाटले.

तेव्हा विचारायचे ते असे. येत्या सहा-आठ महिन्यांत कोणते कार्यक्रम होतील याचा अंदाज आधी कसा बांधावा? माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला आत घेतात का? आणि गाणे शिकणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीला नेमके काय ऐकवावे?

उत्तर १ : माजी स्पर्धक, जुळे सोलापूर

काका, आपल्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर मला खात्रीने देता येईल. नातीला विद्यापीठाच्या युवा महोत्सवातल्या शास्त्रीय गायनाच्या आणि शास्त्रीय वादनाच्या फेऱ्या ऐकवा, आणि त्यासाठी सकाळी जा. संध्याकाळच्या समूहनृत्याला आणि समारोपाला सभागृह ओसंडून वाहते. सकाळी शास्त्रीय गायनाला मात्र परीक्षक, स्पर्धकांचे साथीदार आणि आपल्या वेळेची वाट पाहणारी मुले एवढेच लोक असतात. पहिल्या रांगेत बसून गाणे ऐकण्याची अशी संधी पैसे मोजूनही मिळत नाही.

हा महोत्सव सर्वसाधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होतो. त्याचे यजमानपद एखाद्या महाविद्यालयाकडे असू शकते, त्यामुळे तो दरवेळी केगावच्या परिसरातच असेल असे समजू नये. आपले विद्यापीठ एकाच जिल्ह्याचे असल्यामुळे बार्शी, करमाळा, सांगोला, अक्कलकोट, मंगळवेढा अशा सगळ्या तालुक्यांची मुले एका मांडवाखाली येतात. इथे निवडले गेलेले पुढे राज्यातल्या विद्यापीठांच्या 'इंद्रधनुष्य' महोत्सवात आणि भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय महोत्सवात जातात. त्यामुळे स्पर्धांचे नियमही बहुतांशी त्या संघाच्या नियमांप्रमाणेच असतात. शास्त्रीय गायनाला मांडामांड आणि सूर जुळवणे यासाठी ५ मिनिटे, प्रत्यक्ष गायनाला १० मिनिटे आणि जास्तीत जास्त दोन साथीदार. सुगम गायनाला चार ते सहा मिनिटे मिळतात आणि त्यात चित्रपटगीत चालत नाही. भावगीत, गझल, भजन किंवा अभंग म्हणावा लागतो. स्पर्धकाचे वय २५ वर्षांच्या आत हवे आणि तो महाविद्यालयाचा नियमित विद्यार्थी हवा, म्हणून नातीला अजून काही वर्षे श्रोत्यांतच बसावे लागेल.

दहा मिनिटांत ख्याल गाणे म्हणजे काय, हे तिने जवळून पाहावे असे मला फार वाटते. आलापाला दीड मिनिट, विलंबिताची दोन-तीन आवर्तने, मग लगेच छोटा ख्याल आणि ताना. घड्याळ समोर नसते, पण ते डोक्यात वाजत असते. माझ्या स्पर्धेच्या सकाळी पाऊस पडून गेला होता. हवेतल्या ओलीने पुडी, म्हणजे तबल्यावरचे चामडे, सैल पडते आणि तबला उतरतो. त्यातच माझा नेहमीचा साथीदार तापाने आजारी पडला आणि ऐनवेळी जो मुलगा मिळाला त्याच्याजवळ काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा, तबला होता; मी गाते त्याहून बऱ्याच उंच, काळी चारमध्ये. तो बिचारा वाद्यांखालचे लाकडी गट्ठे खाली सारत, पुडीच्या काठावरच्या गजऱ्यावर हातोडीचे ठोके देत तबला पांढरी दोनपर्यंत घेऊन आला, पण त्यापुढे चढवला असता तर पुडी फाटली असती. पाच मिनिटांतली तीन तिथेच गेली. तेवढ्यात ज्यांच्याशी आमची स्पर्धा होती त्या सांगोल्याच्या मुलींच्या तबलजीने, कोणी न सांगता, आपला लहान तोंडाचा तबला उचलून आमच्या पुढ्यात आणून ठेवला आणि शेवटच्या मिनिटात तो लावूनही दिला. बक्षीस त्यांनाच मिळाले, आणि ते योग्यच होते.

म्हणून सांगते, नुसते गाणे ऐकू नका, थोडे आधी जाऊन पडद्यामागचे सूर लावणेही तिला पाहू द्या. परीक्षेच्या पुस्तकात ते नसते.

उत्तर २ : एक प्राध्यापक, सोलापूर

महोदय, महाविद्यालयात मी व्याख्यानांच्या संयोजनाचे काम बरीच वर्षे केले आहे, त्यामुळे आपल्याला आलेल्या अनुभवाबद्दल आम्हा संयोजकांच्या वतीने आधी दिलगिरी व्यक्त करतो. वक्त्याची सोय पाहून वेळ बदलली जाते, विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर ती कळवली जाते आणि बाहेरचा श्रोता येणार आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. म्हणून आपण निघण्याआधी त्याच दिवशी सकाळी महाविद्यालयाच्या कार्यालयात दूरध्वनी करावा, आणि शक्य असल्यास मराठी विभागात किंवा ग्रंथालयात एकदा प्रत्यक्ष जाऊन आपला क्रमांक देऊन यावा. ग्रंथपालांसारखा विश्वासू निरोप्या दुसरा नाही.

अंदाज बांधण्याविषयी म्हणाल, तर निमंत्रणपत्रिकेची वाट पाहू नये. तारखा ठरलेल्या असतात, बदलतात ते वक्ते. विद्यापीठाचा स्थापना दिवस १ ऑगस्ट. ही स्थापना २००४ची. त्याआधी आमची महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर झाला, तेव्हापासून त्या तारखेच्या आसपास भाषेवर व्याख्याने होऊ लागली आहेत. डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे आपल्याच गावचे. त्यांची जयंती १० ऑक्टोबरला येते. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन. या तारखांच्या दोन दिवस आधी चौकशी केली तर जवळपास कुठे ना कुठे काहीतरी सापडतेच.

एक तारीख मात्र खास आपली आहे. १२ जानेवारीला देशभर युवा दिन असतो, पण सोलापूरकरांसाठी तो मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३१ साली येरवड्यात फाशी दिल्याचा दिवस आहे. १९३० साली इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉवर, म्हणजे लष्करी कायद्यावर, या दिवशी कोणी अभ्यासपूर्वक बोलणार असेल तर ते व्याख्यान चुकवू नये. हा विषय सोलापूरच्या मुलांनी सोलापुरातच ऐकण्याचा आहे.

अडचण अशी की त्याच दिवसांत ग्रामदैवत सिद्धेश्वराची यात्रा असते. यात्रेतल्या यण्णीमज्जन (तैलाभिषेक), अक्षता सोहळा आणि होमाच्या दिवशी शहरात दुसरा कोणताही कार्यक्रम ठेवणे म्हणजे रिकाम्या खुर्च्यांना व्याख्यान देणे होय. आम्ही एकदा हा प्रयोग करून पाहिला. सभागृहात वक्ते, प्राचार्य, मी आणि ध्वनिक्षेपकवाला असे चौघे होतो, आणि ध्वनिक्षेपकवाल्यालाही यात्रेतले नंदीध्वज पाहायला जायचे होते. त्यामुळे भाषा पंधरवड्यातले चांगले कार्यक्रम शोधायचे तर ते २० जानेवारीनंतर शोधावेत. तोवर गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, मुलांना पाळण्यात बसवून झालेले असते.

वेळेबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. पत्रिकेवर अकराची वेळ असेल तर दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, परिचय आणि सोलापुरी चादर देऊन सत्कार हे सगळे होऊन वक्ता उभा राहतो तो पावणेबाराला. तरीही आपण अकरालाच यावे, कारण नेमके आपण उशिरा येऊ त्या दिवशी कार्यक्रम वेळेवर सुरू होतो.

उत्तर ३ : बाळेकर

प्रवेशाबद्दल माझा अनुभव चांगला आहे. फाटकावरच्या वहीत नाव लिहावे लागले आणि एकदा ओळखपत्र दाखवावे लागले, बाकी कोणी अडवले नाही. विद्यापीठ पुणे महामार्गावर, बाळे ओलांडल्यानंतर आहे. जाताना अडचण येत नाही, परतताना येते. संध्याकाळी कार्यक्रम लांबला आणि अंधार पडला तर महामार्गाच्या कडेला मुलीला घेऊन वाहनाची वाट पाहत उभे राहू नका. परतीची रिक्षा जातानाच ठरवून ठेवा.

उत्तर ४ : नेपथ्यवाला

माजी स्पर्धक ताईंचे म्हणणे शास्त्रीय गायनापुरते मान्य आहे, परंतु सगळ्याच कार्यक्रमांना सकाळची शांतता मानवत नाही. एकांकिका आणि प्रहसन रिकाम्या सभागृहात पाहू नये. एकांकिकेला ३० मिनिटे मिळतात आणि प्रहसनाला फक्त १०, त्यात सहाच नट. दहा मिनिटांत हशा वसूल करायचा तर समोर हसणारी माणसे लागतात.

सोलापूरच्या मुलांची प्रहसने पाहण्याचे आणखी एक कारण आहे. पूर्वी आमच्या तालमीत तेलुगू किंवा कानडी घरातल्या मुलाला 'प्रमाण' मराठी बोलायला लावण्यात आठवडा जायचा आणि शेवटी तो रंगमंचावर पाठ केल्यासारखे बोलायचा. एका वर्षी आम्ही तो नाद सोडला. "काय करायलास बे?" हे वाक्य त्या मुलाने घरी, गल्लीत म्हणतात तसेच म्हटले आणि अख्खे सभागृह उसळले. परीक्षकांनी भाषेचे गुण कापले, हा भाग वेगळा. माझ्या मते गुण कापायचेच असतील तर ते खोट्या पुणेरी उच्चारांचे कापावेत. काका, आपल्या घरची भाषा तेलुगू असल्यामुळे ही गंमत आपल्याला आमच्यापेक्षा अधिक कळेल.

रांगोळी, स्थळचित्रण, मातीकाम यांना अडीच तासांची मुदत असते. तिथे सुरुवातीला न जाता शेवटच्या अर्ध्या तासात जावे. स्पर्धकाच्या मागे उभे राहून सल्ला देऊ नये. हे सांगावे लागते, कारण दरवर्षी कोणी ना कोणी वडीलधारे तो देतातच.

प्रश्नकर्ता : जुना हिशेबनीस

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. तारखा वहीत उतरवून घेतल्या आहेत. जुनी सवय, जमेच्या बाजूला तारीख आणि खर्चाच्या बाजूला रिक्षाभाडे. नातीला तबल्याचा प्रसंग वाचून दाखवला तर तिने लगेच विचारले की तिचा सूर कोणता. गुरुजींना विचारून तिने काल सांगितले, काळी पाच.

माजी स्पर्धक ताईंना आणखी एकच विचारतो. स्पर्धेतले गाणे मोबाइलवर मुद्रित करून घेतलेले चालते का? घरी पुन्हा ऐकता आले असते.

उत्तर : माजी स्पर्धक, जुळे सोलापूर

काका, मुद्रण करायचे तर त्या स्पर्धकाला आधी विचारा. विचारल्यावर बहुतेक जण हो म्हणतात, पण गाणे चालू असताना समोर मोबाइल उंच धरला की गाणाऱ्याचे लक्ष तिकडे जाते. त्यापेक्षा तिच्या हातात लहानशी वही द्या. राग कोणता वाटला, ताल कोणता होता, आवर्तन कुठे चुकले हे तिने लिहावे आणि फेरी संपल्यावर गाणाऱ्यालाच विचारून पडताळून पाहावे. स्पर्धा संपलेली मुले बाहेर चहा पीत उभी असतात आणि कोणी मनापासून विचारले तर अर्धा तास बोलतात.

काळी पाच म्हणजे माझ्यापेक्षाही उंच सूर, तेव्हा तबल्याची काळजी तिला पुढे माझ्याहून जास्त करावी लागणार आहे. मी आणि माझी मैत्रीण दरवर्षी गायनाच्या फेरीला जातो आणि श्रोत्यांच्या डाव्या हाताला तिसऱ्या रांगेत बसतो, कारण तबलजीचे हात तिथून नीट दिसतात. यंदा आमच्या शेजारच्या दोन खुर्च्या तुम्हा दोघांसाठी धरून ठेवते.