लस घेतल्यानंतरही तपासणी आवश्यकच

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूवरील लस घेतली की गर्भाशयमुखाच्या तपासणीची गरज उरत नाही, असे काही जण म्हणतात. हा समज धोकादायक आहे. एचपीव्हीचे २००हून अधिक प्रकार ज्ञात असून त्यांपैकी १६ आणि १८ हे दोनच प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारणीभूत असतात. प्रचलित लसी या दोहोंपासून संरक्षण देतात. नऊ प्रकारांवरील लसीची व्याप्ती अधिक असली, तरी काही घातक प्रकार तिच्याही बाहेर राहतात. शिवाय आधीच झालेला संसर्ग लसीने बरा होत नाही, आणि म्हणूनच मुलींना ती ९ ते १४ या वयात, लैंगिक संबंध सुरू होण्यापूर्वी देण्यावर जागतिक आरोग्य संघटनेचा भर आहे.

मात्र संसर्ग आढळला म्हणजे कर्करोग झाला, असे मुळीच नाही, हे घाबरलेल्या प्रत्येकीला आवर्जून सांगायला हवे. बहुतेक संसर्ग शरीर एक-दोन वर्षांत स्वतःच परतवून लावते. जो विषाणू वर्षानुवर्षे टिकून राहतो, त्याची ई६ आणि ई७ ही प्रथिने पेशींच्या अनिर्बंध वाढीला आवर घालणारी यंत्रणा निकामी करतात, तरीही त्यातून कर्करोग होण्यास साधारणतः १५ ते २० वर्षे लागतात. या दीर्घ काळात तपासणीत कर्करोगपूर्व बदल आढळले, तर तो भाग वेळीच काढून टाकता येतो.