छोट्या पडद्यावरचा आपला प्राणी (अनुभव धागा)

टीव्हीवरच्या एखाद्या कुत्र्याची, डॉल्फिनची, कांगारूची तुम्ही आठवडाभर वाट पाहायचात का? परदेशात वाढलेल्यांकडे अशा आठवणी जास्त असणार. मोठेपणी त्या प्राण्याबद्दल काही कळलं असेल तर तेही लिहा. सुरुवात मी करते.

माझं बालपण सिडनीचं. 'स्किपी' ही कांगारूची मालिका १९६८ ते १९७० ची, ९१ भागांची. आम्ही ती ऐंशीच्या दशकात पुन्हा लागायची तेव्हा पाहिली. साताऱ्याहून आलेली आजी शेजारी शेंगा सोलत बसायची. इंग्रजीचा तिला गंध नव्हता. पण स्किपी च्-च्-च् करून मालिकेतल्या सनी या मुलाला काही सांगायला लागली की आजीचा हात थांबायचा. "कुणीतरी कड्यावरनं पडलंय बघ," म्हणायची, आणि खरंच पडलेलं असायचं! पुढे कळलं की तो आवाज माणसांनी दिलेला, जवळून दिसणारे पंजे बनावट, आणि स्किपी म्हणून अनेक कांगारू आलटून पालटून उभे केलेले. आजीला सांगितलं तर तिने एकच विचारलं, "मग त्या सगळ्यांना नीट खायला घालत होते ना?"

डेट्रॉईटहून
मी इथे १९६९ ला नोकरीसाठी आलो. खोलीत टीव्ही नव्हता. रविवारी संध्याकाळी घरमालकीणबाई 'लॅसी' ही एका कुत्रीची मालिका बघायला खाली बोलवायच्या. त्या काळात लॅसी वनखात्याच्या रेंजरबरोबर असायची. घरी सांगलीला आमचा मोत्या, साधा गावठी कुत्रा. आईच्या आंतर्देशीय पत्रात शेवटची ओळ त्याची असायची: मोत्या बरा आहे, तुझ्या खाटेखालीच निजतो. लॅसी दाराशी येऊन उभी राहिली की मला ती ओळ आठवायची. आणि 'ती' कसली, १९५४ पासून १९ वर्षं चाललेल्या त्या मालिकेत लॅसीचं काम करणारे सगळे नर होते! नराची लव भरघोस राहते म्हणून.

धागाकर्ती
काका, मोत्याचं पुढे काय झालं तेही लिहा ना.

डेट्रॉईटहून
१९७२ ला घरी गेलो, तेव्हा त्याने ओळखलं. एवढंच लिहवतं.

टोरांटोहून
आमच्याकडे 'द लिटलेस्ट होबो'. जर्मन शेफर्ड दर भागात नव्या माणसांना मदत करायचा आणि शेवटी एकटाच निघून जायचा. मी दर वेळी रडायचे. अजूनही रडते.

मायामीहून, सध्या पुण्यात
मी 'फ्लिपर'वर वाढलो. १९६४ ते १९६७ ची मालिका, मी बघितली ती जुनी होऊन गेल्यावर. त्यातल्या बड आणि सँडी या मुलांसारखी आपलीही डॉल्फिनशी मैत्री व्हावी, हे एकच स्वप्न होतं. मग कळलं की फ्लिपरचं काम करणाऱ्या डॉल्फिनपैकी कॅथी १९७० मध्ये टाकीत मरण पावली, तिला शिकवणाऱ्या रिक ओबॅरी यांच्या हातात. आपण तिला जगूच दिलं नाही, असं त्यांना वाटलं आणि पुढचं आयुष्य त्यांनी डॉल्फिनना मोकळं करण्यात घालवलं. मला कित्येक दिवस ती मालिका आठवायचीसुद्धा नकोशी झाली होती. आपल्या सरकारने २०१३ ला करमणुकीसाठी डॉल्फिन कोंडून ठेवायला मनाई केली, तेव्हा फार बरं वाटलं.

गेल्या डिसेंबरात मुलीला घेऊन दापोलीला गेलो. सकाळी सातची वेळ. होडीवाल्या मामांनी इंजिन बंद केलं आणि बोटाने गप्प राहायची खूण केली. आधी फुस्स असा श्वास ऐकू आला. मग हातभर पाठ वर आली, आणि तिच्या कडेला चिकटून एक छोटी. मुलगी हाक मारणार होती, मी तिचा हात धरला. दोघी आमच्याकडे न बघता हर्णैच्या दिशेने निघून गेल्या.