अपराजित मार्सियानो श्रेष्ठ की पाच वेळा हरलेला अली?

प्रश्न (म्हापसा): मुलांना मुष्टियुद्ध शिकवताना हा वाद नेहमी निघतो. ४९ पैकी ४९ लढती जिंकून निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो श्रेष्ठ, की ५ पराभव पदरी असलेला मुहम्मद अली? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर (फोंडा): सर, नुसता पराभवांचा रकाना पाहू नये. नामवंत मुष्टियोद्धा शुगर रे रॉबिन्सन ५ फेब्रुवारी १९४३ रोजी जेक लामोटाकडून हरला, १९ तारखेला दुसऱ्याच प्रतिस्पर्ध्याशी लढला आणि २६ तारखेला पुन्हा लामोटासमोर उभा राहून जिंकला. आजचे विजेते वर्षभरात जेमतेम दोनदा रिंगणात उतरतात; इतक्या वारंवार लढणाऱ्याच्या पदरी एखादा पराभव आला, म्हणून तो कमी ठरत नाही.

उत्तर (मडगाव): फोंडेकरांशी सहमत आहे. अलीने लिस्टन, फ्रेझियर, फोरमन या नामवंत मुष्टियोद्ध्यांना हरवले; शिवाय १९६७ ते १९७० ही ऐन उमेदीची वर्षे त्याला रिंगणाबाहेर काढावी लागली, हे आकड्यांत दिसत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. त्या फेब्रुवारीच्या तिन्ही तारखा उद्याच फळ्यावर लिहितो.