मदत हवी आहे: ओपनबॉक्समध्ये एकट्या सुपर कीवर मेनू हवा, पण बाकीचे शॉर्टकट मोडतात

नमस्कार मंडळी. नुसतं ओपनबॉक्स (खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम, म्हणजे विंडो मॅनेजर) आहे, सोबत टिंट२ पॅनल. पूर्ण डेस्कटॉप नाही. ईटीसी-एक्सडीजी-ओपनबॉक्समधली आरसी डॉट एक्सएमएल (ओपनबॉक्सच्या सेटिंग्जची फाइल) होममधल्या डॉट कॉन्फिगखालच्या ओपनबॉक्स फोल्डरमध्ये कॉपी करून तिच्यातच बदल केलेत. मूळ फाइलला हात लावलेला नाही.

सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली की) + डावा बाण दाबला की खिडकी अर्ध्या स्क्रीनवर जाते: आधी अनमॅक्सिमाइझ, मग मूव्हरिसाइझटू (खिडकीची जागा आणि आकार बदलणारी आज्ञा), रुंदी ५०%, उंची १००%. (आधी अनमॅक्सिमाइझ हवंच, नाहीतर मॅक्सिमाइझ केलेली खिडकी हलत नाही.) हे छान चालतं.

पण कीबाइंडमध्ये (त्या फाइलमधली शॉर्टकटची नोंद) एकट्या सुपर_एलला (डावी सुपर की) रूट-मेनू, म्हणजे मुख्य मेनू, जोडून रिकॉन्फिगर केलं (सेटिंग्ज पुन्हा वाचायला लावल्या) की बाणांचे शॉर्टकट बंद पडतात. की दाबताक्षणीच ओपनबॉक्स ती स्वतःकडे घेतं, त्यामुळे पुढची जोडी बनतच नाही.

सध्याचा उपाय: मेनू ऑल्ट + एफ१ वर ठेवला आणि ऑटोस्टार्टमध्ये एक्सकेप (एक छोटा वेगळा प्रोग्राम) लावलं. सुपर एकटीच दाबून सोडली की ते ऑल्ट + एफ१ पाठवतं. तरीही शॉर्टकटचा विचार बदलून सुपर लगेच सोडली, तर मेनू उघडतोच. एक्सकेपची मुदत (इतक्या वेळात की सोडली तरच ते जोडी पाठवतं) मुळात ५०० मिलिसेकंद आहे. ती किती ठेवता?

आणि मुख्य प्रश्न: लॅबडब्ल्यूसीत (ओपनबॉक्ससारखाच, पण एक्स११ ऐवजी वेलँड या नव्या डिस्प्ले प्रणालीवर चालणारा प्रोग्राम) कीबाइंडला ऑनरिलीज (की सोडल्यावरच कृती) लावता येतं. एक्स११ न सोडता, वेगळा प्रोग्राम न चालवता ओपनबॉक्समध्ये तसं जमतं का? चालू असलेला कीबाइंडचा तुकडा दिलात तर फार मदत होईल.