मदत हवी आहे: ऑफिसात पासवर्ड ठेवायची सक्ती लागूच होत नाही

फोंड्याचा_लेखनिक:
आमच्याकडे ११ संगणक आहेत. एकाही खात्याला पासवर्ड नाही, एंटर मारला की आत. मी कमीत कमी ८ अक्षरांची अट घातली, सगळी मशीन बंद करून चालू केली, तरी कुणालाच काही विचारत नाही. गणेशचवथीच्या आधी हे मार्गी लागायला हवं. काय चुकतंय? कृपया लवकर सांगा.

जुना_मेकॅनिक:
अट घातली ती कुठे? विंडोज होम की प्रो? डोमेन आहे, म्हणजे सगळी मशीन एकाच सर्व्हरवरून सांभाळली जातात, की सुटी मशीन? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार!

फोंड्याचा_लेखनिक:
विंडोज १० प्रो, दोन मशीनवर ११. लोकल सिक्युरिटी पॉलिसीत घातली. डोमेन नाही.

साळावलीकर:
आधी राउटरचा पासवर्ड बदला. आमच्या बिल्डिंगीत एकाने तो जसा आला तसाच ठेवला होता, अख्खा मजला त्याच्या नेटवर चवथीचे व्हिडिओ बघायचा. कंपनीने दिलेला पासवर्ड बऱ्याचदा राउटरच्या पाठीवरच छापलेला असतो.

फोंड्याचा_लेखनिक:
वायफायचं विचारलेलं नाही हो.

कुळागर:
सरळ बोटांचे ठसे लावा. आमच्या हॉटेलात रिसेप्शनला तेच आहे, कटकट संपली. आणि पासवर्डच ठेवायचा असेल तर दर ३० दिवसांनी बदलायला लावा, नाहीतर काही अर्थ नाही.

जुना_मेकॅनिक:
३० दिवस अजिबात नको. मी वीस वर्षं ऑफिसं सांभाळतोय. दर महिन्याला बदलायला लावलं की माणूस शांतादुर्गा१, शांतादुर्गा२ करत जातो आणि चिठ्ठी कीबोर्डखाली. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेनेही २०१७ च्या सूचनांत ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती करू नका असंच म्हटलंय. फुटल्याचा संशय आला की बदला. मुद्दा लांबीचा आहे.

कुळागर:
अमेरिकेतली सूचना दाखवून आमचा ऑडिटर ऐकत नाही. तो ९० दिवस मागतो.

जुना_मेकॅनिक:
मग ९० करा, पण ३० कुठून आले ते सांगा.

पर्वरीकरीण:
भांडण बाजूला ठेवा, मूळ प्रश्नाला कुणी हातच लावलेला नाही. लेखनिक, लांबीची अट फक्त पासवर्ड बदलताना तपासली जाते. आधीपासून रिकामा असलेल्याला ती विचारायला जात नाही, म्हणून सगळे आत जातात. प्रत्येक मशीनवर 'लोकल युजर्स अँड ग्रुप्स' उघडा, खात्यावर जा आणि 'पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स'ची खूण काढा. ती असेपर्यंत 'युजर मस्ट चेंज पासवर्ड अ‍ॅट नेक्स्ट लॉगऑन' पुसटच राहणार. मग ही दुसरी खूण करा. पुढच्या वेळी आत येताना मशीन स्वतःच नवा पासवर्ड मागेल.
दोन गोष्टी लक्षात ठेवा. पासवर्डची मुदत तुम्ही बदलली नसेल तर विंडोज ४२ दिवस धरतं. सगळ्यांचे ठेवून झाले की ती शून्य करा, म्हणजे मुदत संपणार नाही. आणि पुढे कुणी विसरलं तर घाईने रीसेट करू नका, त्याने ब्राउझरमध्ये साठवलेले त्यांचे पासवर्ड जातात.

फोंड्याचा_लेखनिक:
खूण सगळीकडे होती! आत्ता एका मशीनवर करून बघितलं, पासवर्ड मागितला. देव बरें करूं. ठशांचं म्हणाल तर आमचा सिमेंट-हार्डवेअरचा घाऊक धंदा, गोदामातल्यांच्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही, हजेरीलाच त्रास होतो.

पर्वरीकरीण:
पण एवढी घाई कसली? काही झालंय का?

फोंड्याचा_लेखनिक:
झालंय. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या बिलाची रक्कम नंतर कुणीतरी कमी केली. आळ आला काउंटरवरच्या मुलीवर, लागून तीन महिने झालेल्या. ती पात्रांवांच्या, म्हणजे मालकांच्या, समोर रडली. मला तिने केलं असं वाटत नाही, पण सांगणार कशावरून? बिलं-हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली, ते सगळे एकाच नावाने उघडतात.

पर्वरीकरीण:
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं! विंडोजचा पासवर्ड लावून बिल कुणी बदललं ते कळणार नाही. टॅलीत कंपनीवर युजर अ‍ॅक्सेस चालू करा, प्रत्येकाचं वेगळं नाव आणि पासवर्ड द्या, मागच्या तारखेची नोंद किती दिवसांपर्यंत करता येईल ते ठरवा. एडिट लॉग चालू केलात की कोणी, कधी, काय बदललं ते राहतं. कंपन्यांना अशा बदलांच्या नोंदीची, म्हणजे ऑडिट ट्रेलची, सक्ती १ एप्रिल २०२३ पासून आहे. तुमची भागीदारी असेल तर सक्ती नाही, तरी करा. झालेल्या बिलाचा छडा यातून लागणार नाही, हेही त्या मुलीच्या बाजूने पात्रांवांना स्पष्ट सांगा. एकाच नावाने सगळे काम करत असताना एकीवर बोट ठेवताच येत नाही.

जुना_मेकॅनिक:
पटलं. आणि चवथीच्या रजेत एकमेकांचे पासवर्ड देणं सुरू होईल, तेव्हा बदली माणसाचंही खातं आधीच करून ठेवा.

फोंड्याचा_लेखनिक:
सहा दिवसांनी सांगतोय. पहिला पासवर्ड पात्रांवांनाच ठेवायला लावला, मग बाकीच्यांनी कुरकुर केली नाही. प्रत्येकाशेजारी बसलो, देवाचं आणि पोरांचं नाव नको, घरातल्या चार वस्तूंची नावं जोडा म्हटलं. टॅलीत ९ जणांची खाती झाली, मुलीचं पहिलं. तिला बोलावून पात्रांव म्हणाले, तुझ्यावर आळ घ्यायला नको होता. गोदामातले दोघे एकच मशीन वापरतात, त्यांचं उद्या करतो.