सोमवारपासून शाळा : संमतीपत्रावर सही करायची की नाही?

मुलुंडची मुक्ता (शुक्रवार, २१ जानेवारी २०२२)

कोरोनामुळे बंद झालेली शाळा सोमवारी, २४ तारखेला पुन्हा उघडतेय. मुलीला पाठवायला आमची परवानगी आहे, असं संमतीपत्र शाळेने मागितलंय. ते फ्रिजला चिकटवून ठेवलंय आणि आज रात्री मी सही करणार आहे. सासूबाईंना हे अजिबात पटलेलं नाही, सोसायटीतल्या मैत्रिणींनाही नाही. म्हणून इथे मांडतेय.

लेक दुसरीत आहे. पहिलीचं अख्खं वर्ष मोबाइलवर गेलं. १५ डिसेंबरला मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग उघडले, त्या दिवशी घरी आल्या आल्या दप्तरही न ठेवता म्हणाली, "आई, ती माझ्यापेक्षा केवढी उंच आहे!" कोण, तर तिची जिवलग मैत्रीण. दीड वर्ष रोज भेटत होत्या दोघी, पण चौकटीत नुसता चेहरा. उंची कळणार कशी? आता दोन जिने चढली तरी हिला धाप लागते, संध्याकाळी डोळे चोळत बसते. जेमतेम तीन आठवडेही झाले नाहीत, तोवर शाळेला परत कुलूप. हॉटेलं सुरू, मॉल सुरू, बंद काय तर शाळा. भीती मलाही वाटते. पण हे घरात बसून झालेलं नुकसान मी रोज डोळ्यांनी बघतेय.

खारघरकर

ताई, तुमची तळमळ कळते, पण मी सही करणार नाही. माझा भाचा पाच वर्षांचा. गेल्या एप्रिलमध्ये त्यांच्या घरात सगळ्यांना कोरोना झाला, याला फक्त एक दिवस कणकण. आम्ही म्हटलं, सुटलो. महिन्याभराने ताप चढला तो पाच दिवस उतरेना. डोळे लाल, ओठ आणि जीभ लालभडक, अंगावर पुरळ. निदान झालं एमआयएस-सी. कोरोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या अवयवांवर उलटते, तो आजार. आठ दिवस आयसीयू, शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (अँटिबॉडींचं औषध), स्टेरॉइड, हृदयाची इको तपासणी. घरी आणल्यावरही बहीण रात्र-रात्र त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बसायची. यंत्र मोठ्यांचं, बोट इवलंसं. झोपेत हात हलला की ते सटकायचं, आकडा जायचा, आणि तो परत दिसेपर्यंत तिचा श्वास अडकलेला असायचा. तो आज ठणठणीत आहे. पण 'मुलांना काही होत नाही' असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये. लस आहे ती १५ ते १८ वयाला, तीही ३ जानेवारीपासून. माझी मुलगी सहा वर्षांची. तिचं काय?

सांगलीकर डॉक्टर

मी बालरोगतज्ज्ञ आहे. खारघरकर, एमआयएस-सीची मुलं मी पाहिली आहेत, तुमची भीती खोटी नाही. आजार दुर्मिळ आहे आणि वेळेत आली तर बहुतेक मुलं बरी होतात, एवढंच त्यात घालतो. पण एक विचार करा. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, जून-जुलै २०२१ मध्ये देशभर रक्त तपासून पाहिलं, तेव्हा ६ ते ९ वयाच्या ५७.२ टक्के मुलांमध्ये कोरोनाच्या अँटिबॉडी, म्हणजे तो होऊन गेल्याची खूण, सापडल्या. आपल्याकडे पहिली ते चौथीचे वर्ग मार्च २०२० पासून बंदच होते. म्हणजे विषाणू शाळेतून नाही, घरातूनच आला. 'तिसरी लाट मुलांची' म्हणून सगळे हादरले होते, तेव्हाही इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मे २०२१ मध्येच सांगितलं होतं की ती प्रामुख्याने मुलांवर येईल याला पुरावा नाही.

मला झोप लागू देत नाही ती दुसरीच गोष्ट. परवा तीन वर्षांचा मुलगा आणला. त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर फेब्रुवारी २०२० नंतर एकही नोंद नाही. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत द्यायचा असतो, तो गेलाच. आई म्हणाली, दवाखान्यात कोरोना लागेल म्हणून आणलं नाही. गोवर कोरोनापेक्षाही झपाट्याने पसरतो हो!

खारघरकर

डॉक्टरसाहेब, तो सर्व्हे कोरोनाच्या डेल्टा प्रकाराच्या वेळचा. आताचा ओमायक्रॉन प्रकार तर एकदा होऊन गेलेल्यांनाही परत गाठतोय. आणि मुलं शाळेतून विषाणू घरी आणतील त्याचं काय? माझे वडील पंचाहत्तरीचे, फुफ्फुसं आधीच अधू. सगळं सुरक्षित असेल तर संमतीपत्र कशाला घेता? उद्या काही झालं तर कागद दाखवून हात वर करायला?

गुरुजी, जव्हार

तुमच्या चर्चेत आमची पोरं कुठेच नाहीत, म्हणून लिहितो. जिल्हा परिषदेची शाळा. फोन घरात एक, तो बापासोबत कामाला जातो. काही पोरं आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेली ती परत आलीच नाहीत. शाळा बंद असताना पोषण आहाराचा कोरडा तांदूळ आणि डाळ घरी देत होतो. पण शाळेत शिजलेली खिचडी पोराच्या पोटात जाते. घरी नेलेला तांदूळ सात तोंडांत वाटला जातो. डिसेंबरात वर्ग भरला तेव्हा चौथीतल्या पोराला 'पुस्तक' वाचता येईना. 'पु' म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. काळजी घ्या, खिडक्या उघडा, मास्क लावा, पण शाळा चालू द्या.

निशिगंध

माझ्या मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोम हा मूत्रपिंडाचा आजार आहे, स्टेरॉइड चालू आहेत. साधी सर्दी झाली तरी लघवीतून प्रथिनं जायला लागतात. शाळा उघडू नका असं मी म्हणत नाही. पण उघडली की ऑनलाइन वर्ग बंद करू नका. डिसेंबरात आमच्याकडे तसंच झालं, आणि तीन आठवडे तो इतरांच्या वह्यांचे फोटो बघून उतरवत बसला.

मुलुंडची मुक्ता

निशिगंध, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सही केलीय, आणि खाली दोन ओळी लिहिल्यात : जी मुलं येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी वर्गाची लिंक सुरू ठेवावी. आजारी मूल घरी ठेवलं तर हजेरी कापू नये, हेही. खारघरकर, घरात पंचाहत्तरीचे आजोबा असते तर मीही थांबले असते कदाचित. पण मग आपल्या दोघांच्या निर्णयात चूक कुणाची, असं कुणी विचारू नये.

खारघरकर

सोमवारी नाही पाठवत, ते ठरलंय. रुग्णांचे आकडे उतरेपर्यंत थांबतो. मात्र डॉक्टरांचं वाचून लेकीचं कार्ड कपाटातून काढलं. पाचव्या वर्षी द्यायचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर डोस राहिलाय. गेल्या वर्षी पुढे ढकलला आणि मग विसरलोच. उद्या सकाळी घेऊन जातो.